ॲफिलिएट मार्केटिंग सुरू करताय? लिंक टाकण्याआधी हे नियम वाचा

मागच्या व्हिडिओत आपण ॲफिलिएट लिंक कशी बनवायची ते पाहिलं. अकाउंट उघडणं, प्रॉडक्ट शोधणं, लिंक कॉपी करून पेस्ट करणं हे सगळं वीस मिनिटांचं काम आहे. या लेखात त्याच्या पुढचं बघू. नियम कोणते, ते कोणी केलेत आणि मोडले तर नेमकं काय होतं? व्हिडिओत हे घाईघाईत सांगून भागत नाही, म्हणून इथे निवांत लिहितोय. चहा घेऊन बसा.

उदाहरणासाठी लोहारा घेतो. यवतमाळला लागून असलेलं आपलं लोहारा. एमआयडीसी आहे, डेनिमचा कारखाना आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि दोन पावलांवर कपाशीची शेतं आहेत. कारखान्यात शिफ्ट करणारा, कॉलेजात शिकणारा आणि घरची शेती सांभाळणारा असे तिघं एकाच गल्लीत राहतात. तिघांच्याही हातात मोबाईल आहे आणि तिघांनाही वाटतं की महिन्याला चार-पाच हजार वरचे आले तर बरं होईल. वाटायलाच पाहिजे, त्यात काही गैर नाही.

समजा, यांच्यातल्या एका भावाने शेतीच्या अवजारांवर मराठीत चॅनेल सुरू केलं. बॅटरीवर चालणारा फवारणी पंप घेतला, शेतात वापरून दाखवला आणि खाली लिंक दिली. पंप तीन हजारांचा आणि कमिशन समजा ५ टक्के, म्हणजे एका पंपामागे १५० रुपये. महिन्यात १५ पंप गेले तर २,२५० होतात. त्यातले दोन परत आले की राहिले १,९५०. हा झाला सरळ हिशेब. आता या १,९५० रुपयांभोवती किती नियम आहेत ते एकेक करून बघू.

अडत्याला सगळे ओळखतात, तुम्हाला कोण ओळखतं?

कापूस बाजारात अडत्या असतो, दलाल असतो. तो व्यवहारात पैसे कमावतो हे शेतकऱ्याला माहीत असतं. म्हणून अडत्या "माल चांगला आहे, घेऊन टाका" म्हणाला तरी समोरचा ते ऐकताना थोडं चाळणीतून गाळून ऐकतो. ॲफिलिएट मार्केटिंगमध्ये तुम्ही नेमके त्याच जागी असता, फरक एवढाच की बघणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला वाटतं, हा आपला गाववाला भाऊ आहे, मनापासून सांगतोय. तुम्ही मनापासून सांगतही असाल. पण त्या सांगण्यामागे १५० रुपये आहेत, आणि हे कळण्याचा हक्क त्याला आहे.

सगळ्या कायद्याचं मूळ इथे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, म्हणजे सीसीपीए, स्थापन झालं. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली. प्रॉडक्टची शिफारस करणारा आणि कंपनी यांच्यात काही आर्थिक नातं असेल तर ते उघड करायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने खास सोशल मीडियावर काम करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेतली सूचना-पुस्तिका काढली. कमिशन, फुकट मिळालेली वस्तू, सवलत, फिरायला नेणं, बक्षीस, घरच्या माणसाची कंपनी असणं, हे सगळं त्या "नात्यात" येतं.

"माझे तर ३०० सबस्क्रायबर आहेत सर, मला कोण विचारतंय?" हा प्रश्न मला नेहमी येतो. नात्याची व्याख्या फॉलोअर्स मोजून केलेली नाही, पैसा किंवा फायदा आहे का यावरून केलेली आहे. आणि ३०० लोकांमधले २८० तुमच्या ओळखीचे असतात. बारशाला, लग्नाला, पोळ्याला भेटणारे. अनोळखी माणूस फसला तर एक रिपोर्ट टाकून निघून जातो, ओळखीचा माणूस पानटपरीवर बोलतो.

दंड किती, तेही सांगून टाकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय एक वर्षापर्यंत, आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत, कुठल्याही प्रॉडक्टची शिफारस करायला बंदी घालता येते. लहान चॅनेलवर उद्याच नोटीस येईल असं सांगून मी तुम्हाला घाबरवणार नाही. पण याच कायद्यात तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे, जी फार कमी लोक सांगतात. दावा खरा आहे का हे तुम्ही नीट तपासून घेतलं होतं असं दाखवता आलं, तर शिफारस करणाऱ्यावर ही जबाबदारी येत नाही. म्हणून पुरावा ठेवा. वस्तू विकत घेतल्याचं बिल, वापरतानाचे जुने व्हिडिओ, कंपनीने पाठवलेले मेसेज. मोबाईलमध्ये एक फोल्डर करा, त्यात टाकत जा.

सांगायचं कसं, कुठे आणि किती वेळ

इथे बहुतेक नवे लोक घसरतात. सांगतात, पण लपवून सांगतात. डिस्क्रिप्शनच्या तळाशी, वीस हॅशटॅगच्या मध्ये, बारीक अक्षरात. ते चालत नाही. सूचना-पुस्तिका म्हणते की व्हिडिओ असेल तर व्हिडिओच्या आतच सांगायचं, फक्त खाली लिहून भागणार नाही. आणि बोलूनही सांगायचं, पडद्यावर लिहूनही दाखवायचं. लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर दिसलं पाहिजे. फोटो असेल तर फोटोवरच लिहायचं. हॅशटॅगच्या किंवा लिंकच्या ढिगाऱ्यात ते बुडवायचं नाही. आणि ज्या भाषेत तुम्ही शिफारस करता, त्याच भाषेत सांगायचं. मराठीत वीस मिनिटं बोलून शेवटी इंग्रजीत एक ओळ चिकटवली, तर आपल्या काकूला काय समजणार?

याशिवाय जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था आहे, तिला आस्की म्हणतात. तिचे इन्फ्लुएन्सर्ससाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत आणि त्यात वेळही मोजून दिलीय. १५ सेकंद किंवा त्याहून छोट्या व्हिडिओत लेबल निदान ३ सेकंद दिसलं पाहिजे. १५ सेकंदांपेक्षा मोठा पण २ मिनिटांपेक्षा लहान असेल, तर व्हिडिओच्या एक तृतीयांश वेळ. दोन मिनिटं किंवा त्याहून मोठा असेल, तर ज्या भागात त्या वस्तूबद्दल बोलताय त्या पूर्ण भागात. म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलमध्ये १५ सेकंद लेबल हवंच. लिखाणात असेल तर पहिल्या दोन ओळींतच हवं, "आणखी वाचा" दाबायला लागू नये.

आपल्या पंपवाल्या भावाने बोलायचं काय? असं काहीतरी:

"हा पंप मी स्वतःच्या पैशाने घेतलाय. खालच्या लिंकवरून तुम्ही घेतला तर मला कंपनीकडून थोडं कमिशन मिळतं. तुम्हाला त्यासाठी जास्त पैसे द्यावे लागत नाहीत. जवळच्या दुकानात स्वस्त मिळाला तर तिथून घ्या."

शेवटचं वाक्य कुठल्याही नियमात नाही, ते माझं आहे. मी माझ्या बॅचमधल्या लोकांना ते बोलायला सांगतो. काही जण म्हणतात, अहो सर, आपणच गिऱ्हाईक दुकानात पाठवायचं का? हो, पाठवा. पंप बिघडला तर दुकानदार यवतमाळच्या बाजारात बसलेला आहे, ऑनलाइनवाला नाही, आणि हे बघणाऱ्यालाही माहीत आहे. जो माणूस हे स्वतःहून बोलतो, त्याची पुढची शिफारस लोक ऐकतात.

पंप कंपनीने फुकट पाठवला असेल तर तेही बोला: "हा पंप कंपनीने मला दिलाय." त्यात लाज कसली?

कंपनीचा करार: जो कोणी वाचत नाही

सरकारी नियम एका बाजूला राहू द्या. नवख्या माणसाला रोज आडवे येतात ते प्रोग्रामचे नियम. अकाउंट उघडताना "मला मान्य आहे" वर आपण टिक करतो, तो करार असतो. अकाउंट बंद होतं ते याच्यामुळे, आणि बंद झालं की साठलेलं कमिशनही अडकू शकतं.

ॲमेझॉनचा असोसिएट्स प्रोग्राम घ्या. १९९६ पासून चालू आहे, भारतात बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. त्यातले नवख्यांना नडणारे नियम सांगतो.

स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी करायची नाही. "मला मिक्सर घ्यायचाच आहे, माझ्याच लिंकवरून घेतला तर कमिशन सुटेल" हा विचार सगळ्यांना येतो. बायकोच्या अकाउंटवरून घेतो, भावाच्या फोनवरून घेतो, ही हुशारीही करू नका. पत्ता एक, वायफाय एक. त्यांच्या सिस्टिमला हे कळायला फार वेळ लागत नाही.

लिंकवरून घेणाऱ्याला आमिष दाखवायचं नाही. "माझ्या लिंकवरून घ्या, ५० रुपये लगेच फोनपे करतो." आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की हा नियमभंग आहे हे लोकांना खरंच वाटत नाही. पैसे, सवलत, पॉईंट, लकी ड्रॉ, एवढंच काय, "कमिशनमधले दहा टक्के गोरक्षणाला देणार" हेसुद्धा आमिषातच मोडतं.

किंमत हाताने टाईप करायची नाही. तुम्ही सोमवारी "फक्त २,७९९" लिहिलं, बुधवारी साइटवर ३,१९९ झालं. बघणाऱ्याला वाटतं तुम्ही फसवलं. किंमत दाखवायची असेल तर त्यांच्या अधिकृत तांत्रिक सोयीतूनच दाखवता येते. नवख्या माणसाला सोपा मार्ग म्हणजे "आजची किंमत लिंकवर बघा" एवढं लिहिणं. ग्राहकांचे रिव्ह्यू आणि स्टार कॉपी करून स्वतःच्या पोस्टमध्ये चिकटवणंही चालत नाही.

तुमचं चॅनेल, पेज किंवा वेबसाइट अकाउंटमध्ये नोंदवलेली पाहिजे आणि ती सगळ्यांना उघडी दिसली पाहिजे. आता तुमच्या मनातला प्रश्न. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर? बंद ग्रुप हा काही उघडी जागा नाही. तिथे लिंक टाकायची नाही असं धरूनच चाला. हे ऐकून बरेच जण नाराज होतात, कारण गावात खरा बाजार ग्रुपवरच भरतो. मग तुमच्या व्हिडिओची लिंक ग्रुपवर टाका. माणूस व्हिडिओ बघेल, त्यात तुम्ही कमिशनचं सांगितलेलं ऐकेल आणि मग खालच्या लिंकवर जाईल. रस्ता थोडा लांबचा आहे, पण सरळ आहे.

वेबसाइटच्या नावात कंपनीचं नाव घालायचं नाही. "अमुक-डील्स-यवतमाळ" असं नाव घेतलं आणि त्या "अमुक"च्या जागी मोठ्या कंपनीचा ब्रँड असेल, तर तो ट्रेडमार्कचा प्रश्न होतो. छापील पत्रकावर लिंक देणं, एसएमएसने पाठवणं याच्याही अटी प्रत्येक प्रोग्रामच्या वेगळ्या आहेत, त्या आधी वाचा.

आणि तुम्ही असोसिएट आहात हे सांगणारं वाक्य सक्तीचं आहे. मराठीत: "ॲमेझॉन असोसिएट म्हणून मला पात्र खरेदीवर कमिशन मिळतं." हे आणि वर सांगितलेलं सरकारी नियमाचं लेबल, दोन्ही लागतं. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही.

दोन गोष्टी नियम म्हणून नाही, पण माहिती म्हणून सांगतो, कारण यामुळे लोकांचा धीर सुटतो. पहिल्या १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर अकाउंट बंद होतं. ती शिक्षा नाही, पुन्हा अर्ज करता येतो. आणि पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात. जुलैत विकलेल्या पंपाचे पैसे सप्टेंबरअखेर. कपाशी लावल्यावर दुसऱ्या आठवड्यात बोंडं शोधत कोणी फिरत नाही ना? तसंच आहे बाप्पा.

कशाची लिंक द्यायचीच नाही

आता जरा गंभीर बोलतो. वरचे नियम मोडले तर तुमचं अकाउंट जाईल. इथले मोडले तर दुसऱ्याचं घर जाऊ शकतं.

पंपापासूनच सुरू करतो. २०१७ चा पावसाळा आपल्या जिल्ह्यातलं कोणीही विसरलेलं नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वेळी कारणांची जी चर्चा झाली, त्यात दोन-तीन औषधं एकत्र मिसळणं होतं, अंगावर संरक्षणाचे कपडे नसणं होतं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी होती आणि बारीक, जोरदार फवारा मारणारे नवे बॅटरी पंपही होते. म्हणजे तुम्ही ज्याची लिंक देताय, तीच वस्तू.

याचा अर्थ पंपाचा व्हिडिओ करू नका असा नाही. करा. पण "एका तासात दोन एकर, एकदम धुकं उडतं" एवढंच दाखवून थांबू नका. मास्क, चष्मा, हातमोजे घालूनच शूटिंग करा. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायचं नाही, नोझल तोंडाने फुंकून साफ करायचं नाही, हे त्याच व्हिडिओत बोला. उघड्या अंगाने फवारणी करताना व्हिडिओ काढला, तो चालला आणि त्यातून पन्नास पंप विकले गेले, तर ते पन्नास जण तुमच्याकडे बघूनच फवारणार आहेत. कीटकनाशकाच्या लिंकपासून मात्र नवख्याने लांबच राहावं. त्याची विक्री परवान्यावर चालते, १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि "मी तर हे आणि ते मिसळून मारतो" असा सल्ला देणं आपलं काम नाही. तो प्रश्न कृषी सहायकाकडे पाठवा.

बियाण्याचंही तसंच. मे-जूनमध्ये "तणनाशक मारलं तरी कपाशी जळत नाही" अशा बियाण्याचे मेसेज फिरायला लागतात. वेगवेगळी नावं लावून ते विकलं जातं. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला, म्हणजे एचटीबीटीला, आपल्या देशात लागवडीची मंजुरी नाही. पाकिटावर धड लेबल नाही, बिल नाही. उगवलं नाही तर तक्रार कोणाच्या नावाने करणार? अशा मालाचं कमिशन साध्या मालापेक्षा जास्त असतं, कारण जोखीम तुमच्या माथी असते.

औषधांच्या बाबतीत १९५४ चा एक कायदा आहे, जादूटोण्यासारखे इलाज आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब, मुतखडा, लठ्ठपणा अशा आजारांची यादीच त्यात दिलीय. यांच्यावर अमुक औषध इलाज करतं अशी जाहिरात करता येत नाही. "उंची वाढवतो" सुद्धा त्या यादीत आहे! "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही, शुगर मुळापासून जाते" हे वाक्य तुम्ही कंपनीच्या पत्रकातून जसंच्या तसं वाचलं, तरी बोलणारं तोंड तुमचं आहे. एखाद्या आजोबांनी ते ऐकून इन्सुलिन बंद केलं तर? ही कल्पना अतिशयोक्तीची वाटत असेल तर तुमच्याच गल्लीतल्या डॉक्टरला विचारा.

शेअर बाजाराच्या बाबतीत नियम सेबीचे आहेत. ब्रोकरसाठी नियमित ग्राहक आणून कमिशन घ्यायचं असेल तर त्याची नोंदणी असते. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने नियम बदलले. त्यानुसार, नोंदणी नसताना शेअरचे सल्ले देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्या लोकांशी नोंदणीकृत ब्रोकरने संबंध ठेवायचे नाहीत. विम्यालाही परवाना लागतो.

उरले ते पैसे लावून खेळायचे ॲप. रंग ओळखा, विमान उडवा, टीम बनवा. यांच्या लिंकवर मिळणारं कमिशन बघून डोळे फिरतात, म्हणून कॉलेजच्या मुलांना आधी तेच सापडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात नुसती जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. "मी खेळत नाही, फक्त लिंक देतो" हा बचाव नाही, कारण गुन्हा लिंक देण्याचाच आहे.

वाईट बोलायचं असेल तर?

चांगलं बोलण्याचे नियम झाले. पण खरा रिव्ह्यू म्हटलं की वाईटही बोलावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयात याच विषयावर एक प्रकरण गाजलं. एका यूट्यूबरने खोबरेल तेलाच्या एका प्रसिद्ध ब्रँडवर व्हिडिओ केला आणि ते तेल शुद्ध नाही असं ठासून सांगितलं. कंपनी, मॅरिको, कोर्टात गेली. जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने व्हिडिओ काढायला सांगितला. ज्याचं ऐकून लोक मत बनवतात त्याने तपासून, जबाबदारीने बोलावं, हा त्या निकालाचा रोख होता. पुढे अपिलात काही बदल करून व्हिडिओ ठेवण्याची मुभा मिळाली.

यातून आपण काय घ्यायचं? अनुभव सांगा, निकाल देऊ नका. "माझ्या पंपाची बॅटरी तिसऱ्या महिन्यात उतरली, हे बघा बिल, ही तारीख" हा अनुभव आहे. "ही कंपनी चोर आहे, सगळे पंप बोगस आहेत" हा निकाल आहे, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. ज्या दुसऱ्या पंपाची लिंक तुम्ही खाली दिलीय त्याचं कौतुक आणि पहिल्याची बदनामी एकाच व्हिडिओत असेल, तर विशेष जपून बोला. तिथे तुमचा हेतू विचारला जाणारच. आणि न वापरलेल्या वस्तूचा रिव्ह्यू? तो तर बसतच नाही. वस्तू खरोखर वापरलेली असली पाहिजे, असं सूचना-पुस्तिकेतच आहे.

दुसऱ्याच्या व्हिडिओतला तुकडा, गुगलवरून उचललेला फोटो, सिनेमाचं गाणं, यावर कॉपीराइट असतो. स्वतःच्या मोबाईलने शेताच्या बांधावर काढलेला फोटो थोडा अंधुक असला तरी चालेल.

काम मिळवायला पैसे मागितले तर

ॲफिलिएट प्रोग्रामला जोडून घ्यायला पैसे लागत नाहीत. लागत असतील तर तिथेच थांबा. सध्या जोरात चाललेला प्रकार असा: तुम्ही पाच-सात हजारांचा "ॲफिलिएट मार्केटिंग कोर्स" घ्यायचा, आणि कोर्समध्ये काय शिकवतात, तर तोच कोर्स पुढच्याला कसा विकायचा. माझी कसोटी साधी आहे. ज्याला पुढे कोणाला काही विकायचं नाही, असा माणूस ही वस्तू याच किमतीला घेईल का? पंप घेईल, मिक्सर घेईल. तो कोर्स घेणार नाही. म्हणजे तिथे माल नाही, फक्त साखळी आहे. अशी साखळी चालवणाऱ्यांसाठी १९७८ चा मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहे आणि डिसेंबर २०२१ चे डायरेक्ट सेलिंगचे नियमही पिरॅमिड योजनांना मनाई करतात. ज्यांचं वय आज पस्तीस-चाळीसच्या पुढे आहे त्यांना स्पीक एशिया आठवत असेल. ११,००० रुपये भरा, घरबसल्या सर्व्हे भरा. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, तोवर गावोगावचे लाखो लोक अडकले होते. त्यांना आत आणणारे कोण होते? शेजारी, साडू, शाळेतले मास्तर. बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता.

(मी स्वतः प्रशिक्षण देतो, त्यामुळे "सर, तुमचाही कोर्सच आहे ना" असं कोणी म्हणेल. म्हणा. वरची कसोटी मलाही लावा.)

हिशेब

कमिशन हे उत्पन्न आहे, ते आयकरात दाखवायचं असतं. एका कंपनीकडून वर्षात २०,००० च्या वर कमिशन झालं तर ती २ टक्के टीडीएस कापते. आधी ही मर्यादा १५,००० होती, एप्रिल २०२५ पासून वाढली. २५,००० मिळाले तर ५०० कापले जातील. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ते ५०० परत मिळतात, सोडून देऊ नका. पॅन दिला नाही तर मात्र २० टक्के जातात, म्हणजे तेच ५०० होतात ५,०००. त्यामुळे अकाउंटमध्ये पॅन आधी भरा, नाव बँकेतल्या नावाशी जुळतंय का बघा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. छोट्या धंद्यासाठी हिशेबाच्या वह्या न ठेवता ठरावीक टक्के नफा दाखवायची जी सोपी सवलत आहे, ती कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला मिळत नाही. "टाकून देतो सर, सोप्या फॉर्ममध्ये" असं कोणी म्हणालं तर आधी स्पष्ट सांगा की हे कमिशनचं उत्पन्न आहे, मग फॉर्म ठरवू द्या. म्हणूनच वही ठेवा. तारीख, कंपनी, आलेली रक्कम, कापलेला टीडीएस आणि खर्च: नेट रिचार्ज, ट्रायपॉड, रिव्ह्यूसाठी घेतलेली वस्तू. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे आणि कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे जुन्या व्हिडिओतले नंबर पाठ करून सीएशी वाद घालू नका.

जीएसटीचं बघायचं तर, महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणीचा प्रश्न येतो. १,९५० रुपयांच्या टप्प्यावर त्याची झोप उडवून घेऊ नका. कंपन्या महागड्या वस्तू फुकट पाठवायला लागल्या तर वर्षाला २०,००० च्या वरच्या अशा लाभावरही १० टक्के टीडीएसची तरतूद आहे. वस्तू रिव्ह्यू करून परत केली तर तो लाभ धरला जात नाही.

या आठवड्यात एवढंच करा. एक प्रोग्राम निवडा, त्याचा करार मराठीत भाषांतर करून का होईना, पूर्ण वाचा. घरात आत्ता वापरात असलेल्या तीन वस्तू काढा, त्यांची बिलं शोधा. कमिशनचं वाक्य स्वतःच्या बोलीत लिहा आणि आईला किंवा शेजारच्या काकांना वाचून दाखवा. "म्हणजे तुला यातून पैसे भेटतात का?" असं त्यांनी विचारलं, तर वाक्य अजून स्पष्ट करा. त्यांनी "बरं, भेटतात तर भेटू दे" म्हटलं, तर पहिला व्हिडिओ शूट करायला हरकत नाही.

पुढच्या भागात तीन हजारांच्या आतल्या माइक आणि ट्रायपॉडवर बोलू. त्या व्हिडिओखाली लिंक असतील, आणि त्यातल्या कुठल्या कमिशनच्या आहेत ते मी व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगेन.